रोममध्ये जेवायला कुठल्या भागात जायचं, त्रास्तेवेरे की तेस्ताच्चो?
त्रास्तेवेरेच्या गल्ल्या भारीच, फोटो मस्त येतात, पण दारात उभा राहून बोलावणारा वेटर दिसला की सरळ पुढे चालायचं. तेस्ताच्चो दिसायला साधंच, पण तिथे १९७५पर्यंत मोठा कत्तलखाना होता, चांगलं मांस पैसेवाल्यांकडे जायचं आणि कामगारांच्या वाट्याला शेपटी, आतडी वगैरे, म्हणून बैलाच्या शेपटीचं कोदा आल्ला वाच्चिनारा खायचं तर इथल्याच त्रात्तोरियात, म्हणजे साध्या खानावळीत (वजडीप्रेमींना वेगळं सांगायला नको). कार्बोनारा पास्ता दोन्हीकडे मिळतो, त्यात अंडं, पेकोरीनो चीज आणि डुकराच्या गालाचं ग्वान्चाले, क्रीम दिसलं तर समजा फसलात. माझं मत तेस्ताच्चोला. शाकाहारी असाल तर कुठेही काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, तेही चीजमधलं रेनेट (वासरा-कोकराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) चालत असेल तर.