कचरा तुरमुरीला की गल्लीतच?

बेळगावचा कचरा उचलायचा आणि शहराबाहेर तुरमुरीच्या प्रकल्पात नेऊन टाकायचा, ही प्रशासनाची सवयीची वाट. सोय आहे खरी. वडगाव-शहापूरच्या अरुंद बोळांत खत करायला जागा कुठली? एकच ठिकाण, एकच ठेका, देखरेखही सोपी. पण मिसळलेला कचरा साचला की तळातून काळं पाणी झिरपतं, वायू साठून आग लागते, आणि त्रास भोगतं शेजारचं गाव. बंगळूरने हे पाहिलंय: 2012 मध्ये मावळ्ळीपुराचा डेपो बंद झाला, सगळा भार मंडूरवर गेला, तिथले गावकरी रस्त्यावर उतरले आणि 2014 मध्ये सरकारला तोही थांबवावा लागला. एका गावाची घाण दुसऱ्याच्या दारात, एवढंच.

दुसरा मार्ग वॉर्डातच ओला कचरा जिरवण्याचा. घरात ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करा, हे केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं. भाजी मंडईतली कोबीची पानं, खानावळीतलं उरलंसुरलं वेगळं आलं तर दीड-दोन महिन्यांत खत होतं आणि गाड्यांच्या फेऱ्याही घटतात. अडचण माणसांची: घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र ओतला, की दुसऱ्या दिवशी कोण कशाला वेगळा करील?

माझं मत दुसऱ्या बाजूला. सुरुवात मंडई, हॉटेलं आणि मंगल कार्यालयांपासून व्हावी. तुरमुरीला मात्र उरलेलंच जावं.