मराठी विकिपीडियाचे नवे स्वयंसेवक: कार्यशाळा की सोबत?

मराठी विकिपीडियावर नव्याने येणाऱ्यांना एकत्र बसवून शिकवावे की एकेकाला अनुभवी संपादकाच्या हाताखाली द्यावे, असा प्रश्न एका परिचित ग्रंथपालांना पडला आहे. म्हणून हे दोन्ही मार्ग वेळ, शिकण्याची खोली आणि टिकाव या कसोट्यांवर ताडून पाहतो.

वेळेच्या हिशेबात कार्यशाळा सरस ठरते, कारण एका दुपारी तीस जणांना धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, सराव करणे आणि संदर्भ जोडणे दाखवता येते. मात्र एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला साधारणतः सहाच नवी खाती उघडता येत असल्याने ती घरूनच उघडून आणण्यास सांगावे, अन्यथा निम्मी दुपार त्यातच जाते.

खोलीचा प्रश्न निराळा आहे. प्रताधिकाराचा भंग नेमका कोठे होतो, किंवा गावाविषयीच्या लेखात अभिमान कोठे संपतो आणि माहिती कोठे सुरू होते, हे सरावाच्या पानावर उमगत नाही; स्वतःचे संपादन उलटवले गेल्यावर कोणी चर्चा पानावर शांतपणे कारण समजावले, तरच ते अंगवळणी पडते. त्यात अनुभवी माणसाचे महिने खर्ची पडतात आणि असे हात मोजकेच आहेत, ही सोबतीची खरी किंमत.

टिकावाबाबत फार बोलायला नको: २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी उत्साहाने उघडलेली खाती मार्चमध्ये बहुधा निजलेली असतात.

वर्गाला केवळ ओळख करून द्यायची असल्यास कार्यशाळा पुरे. अलीकडील बदलांवर (ताज्या संपादनांच्या यादीवर) लक्ष ठेवणारे, पुढे प्रचालक (विकिपीडियाची देखरेख करण्याचे जादा अधिकार असलेले संपादक) होऊ शकणारे दोघे-तिघे हवे असल्यास सोबतच हवी.