स्टारड्यू व्हॅली: पहिल्या वसंतात शेती की मासेमारी?

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम. तो सुरू होतो तेव्हा खिशात 500 सोन्याची नाणी, पार्सनिपच्या 15 बिया आणि तणाने माजलेलं आजोबांचं शेत. नवखे बहुतेक सगळे पैसे बियांत घालतात. मीही घातले होते.

शेतीचा हिशोब सरळ आहे. पार्सनिपची बी 20 ची, चार दिवसांत 35 मिळतात. बटाट्याची बी 50 ची, सहा दिवसांत 80, कधी एका रोपाला दोन बटाटेही निघतात. पण रोज झारीने एकेका वाफ्याला पाणी घालण्यातच दम जातो. बिया विकणाऱ्या पियरचं दुकान बुधवारी बंद असतं हे विसरलात, तर एक दिवस गेलाच.

मासेमारीला भांडवल शून्य. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विली नावाचा कोळी गळ फुकट देतो. त्रास एकच: पडद्यावर मासा वरखाली उड्या मारतो आणि बटणाने हिरवी पट्टी त्याच्यामागे धावडवता धावडवता बोटं दुखतात. पहिले दहा मासे सुटणारच, चिडू नका. बटण दाबून धरण्यापेक्षा हलके टिचक्या द्या. तरी जमेना, तर विलीकडे 25 नाण्यांचा शिकाऊ गळ मिळतो. त्याची पट्टी मोठी असते, पण मासे साधेच लागतात.

माझं मत मासेमारीकडे झुकतं, निदान 13 तारखेपर्यंत. त्या दिवशी अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीची बी 100 ला मिळते. त्याच रात्री पेरली आणि रोज पाणी घातलं, तर वसंताचा महिना संपायच्या आत दोन तोडे होतात, प्रत्येक फळाला 120. त्यासाठी रोकड हवी, आणि ती तळ्यातून लवकर निघते.