जिम्नी की थार रॉक्स: मुंबईकर कुटुंबासाठी कोणती?

मारुती सुझुकीची जिम्नी आणि महिंद्राची थार रॉक्स या दोन गाड्यांची तुलना बहुधा ताकदीवरच अडते; मुंबईत मात्र पहिला प्रश्न इमारतीच्या आवारात उभा राहतो. जिम्नीची रुंदी 1,645 मिलिमीटर आहे आणि रॉक्सची 1,870. गिरगावातल्या जुन्या इमारतीत दोन खांबांच्या मध्ये गाडी लावून आजीला उतरवायचे असेल, तर हा 225 मिलिमीटरचा फरक रोज जाणवतो, कारण दार अर्धेच उघडते.

जिम्नी मात्र चार जणांचीच गाडी आहे. कुटुंबात पाचवे माणूस असेल, तर तिचा विचार तिथेच सोडावा. चौघे बसल्यावर मागे सामानाला 208 लिटर जागा उरते, म्हणजे भंडारदऱ्याच्या मुक्कामाला तंबू टपावरच बांधावा लागतो. भरलेल्या जिम्नीला कसारा घाटात वरचेवर खालचा गिअर टाकावा लागतो, रॉक्सचे 2.2 लिटर डिझेल इंजिन तोच चढ सहज चढते.

चिखलात चित्र पालटते. दोन्हींना शिडीच्या आकाराची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आहे; लो रेंज, म्हणजे अवघड वाटेसाठीचे संथ पण जोरकस गिअर, जिम्नीत आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) रॉक्समध्ये आहेत, पण सुमारे 1,200 किलोंची हलकी जिम्नी कमी रुतते आणि रुतलीच तर दोरीने लवकर निघते.

रॉक्स घेताना एक गोष्ट आवर्जून तपासावी: फोर बाय फोर फक्त डिझेलच्या ठरावीक प्रकारांतच मिळते, पेट्रोल रॉक्सची केवळ मागची चाके ओढतात. पाच जणांच्या घराला मी डिझेल फोर बाय फोर रॉक्सच सुचवेन. मात्र पार्किंगची जागा आधी टेपने मोजावी.