'@' पटला, '*' अजूनही डोक्यात जातो

नमपाय म्हणजे पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी, याहून जास्त सांगत बसत नाही. कित्येक महिने रोज वापरतोय. आज लिहायला बसलो ते मेमरी संपून मध्येच बंद पडलेल्या प्रोग्रॅममुळे. ५०,००० संख्यांचे दोन व्हेक्टर (संख्यांच्या याद्या), त्यांचा '*' ने गुणाकार, म्हणजे पहिलीचा पहिलीशी, दुसरीचा दुसरीशी, एवढंच काम. पण एक व्हेक्टर साधा एकमितीय आणि दुसरा फाइलमधून ५०,००० × १ असा उभा आलेला. ब्रॉडकास्टिंगने, म्हणजे वेगळे आकार आपोआप जुळवून घेण्याच्या नमपायच्या सोयीने, दोघांना ताणलं आणि ५०,००० × ५०,००० ची सारणी करायला घेतली. दर संख्येला ८ बाइट धरले तर २० जीबी! मला हवे होते ४०० केबी.

बरं, बंद पडला हे नशीबच. संख्या ५०० असत्या तर गुपचूप अडीच लाख आकडे तयार झाले असते, पुढे त्यांची सरासरी निघाली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. साधा इशारासुद्धा नाही.

'@' बद्दल मात्र मत बदललं. २०१५ साली पायथन ३.५ बरोबर आलेलं हे मॅट्रिक्सच्या (संख्यांच्या सारण्यांच्या) गुणाकाराचं चिन्ह मला आधी नुसतं शिष्ट वाटायचं. '२ @ अ' लिहिलं की एरर. अदिशासाठी, म्हणजे एकट्या संख्येसाठी, म्हणे '*' च वापरा. आता तोच हट्ट आवडतो, कारण आकार जुळला नाही की ते तिथल्या तिथे अडवतं. शिवाय त्याच गुणाकारासाठी वापरायच्या डॉट फंक्शनची कंसात कंस अशी माळ गेली, सूत्र वहीत लिहितो तसंच दिसतं. कंस फक्त एका ठिकाणी घाला. 'अ @ ब @ क्ष' (अ, ब मॅट्रिक्स, क्ष व्हेक्टर) डावीकडून मोजलं जातं, म्हणजे आधी दोन अख्ख्या मॅट्रिक्सचा गुणाकार. २००० × २००० च्या मॅट्रिक्स असतील तर 'अ @ (ब @ क्ष)' लिहिल्यावर ८०० कोटींऐवजी ८० लाख गुणाकारांत काम होतं. फुकटात!

तरी माझं भांडण त्या एकमितीय व्हेक्टरशी आहेच. ट्रान्सपोज करा, म्हणजे उभ्याचं आडवं करायला सांगा, ढिम्म हलत नाही. '@' च्या डावीकडे ठेवला की आडवा, उजवीकडे ठेवला की उभा. संमिश्र संख्यांत तर कहरच: (१, आय) ला '@' ने स्वतःशीच गुणलं की उत्तर शून्य (आयचा वर्ग उणे एक), कारण '@' संयुग्मी घेत नाही, म्हणजे आयच्या जागी उणे आय धरत नाही. नमपायच्या २०२४ च्या २.० आवृत्तीतला, दोन व्हेक्टरच्या गुणाकाराचा वेकडॉट पहिल्या व्हेक्टरची संयुग्मी घेऊन बरोबर २ देतो. २.२ मध्ये मॅट्रिक्स आणि व्हेक्टरच्या गुणाकारासाठी मॅटवेक आणि वेकमॅटही आले. इतकी वर्षं कशाची वाट बघत होते?

'*' मात्र होता तसाच आहे. त्याच्या आधी आकार तपासणारी ओळ अजून मलाच लिहावी लागते, प्रत्येक फाइलमध्ये.