पॅरी-जीपी: फुकट, रुक्ष आणि विवेचकासाठी बेजोड

एमएस्सीच्या मुलांना बीजगणित शिकवताना गाडी नेहमी एकाच जागी अडते. दहावीपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं: विवेचक म्हणजे बी वर्ग वजा चार एसी. धन आला तर दोन वेगळी वास्तव मुळं, शून्य आला तर समान, ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत. पुढे संख्याक्षेत्राचा (परिमेय संख्यांत बहुपदीचं एखादं मूळ मिसळून तयार होणाऱ्या संख्यासमूहाचा) विवेचक निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, हा कुठला नवीन?" फळ्यावर समजावता येतं, पण हाताने आकडेमोड करत बसलं की तास संपतो. म्हणून मी पॅरी-जीपी हा संख्यासिद्धांताची आकडेमोड करणारा प्रोग्रॅम उघडते.

हा प्रोग्रॅम फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात आँरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. परवाना जीपीएल, म्हणजे पैसे शून्य. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, अँड्रॉइडसाठी पॅरीड्रॉइड आहे, आणि काहीच बसवायचं नसेल तर त्यांच्या साइटवर ब्राउझरमध्येही चालतो. दिसायला अगदीच रुक्ष: रिकामी खिडकी आणि एक प्रश्नचिन्ह. मेनू नाही, बटणं नाहीत. माझ्या जुन्या लॅपटॉपची मात्र त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

मला आवडते ती गोष्ट अशी की दोन विवेचकांना इथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. बहुपदीचा हवा तर पोलडिस्क, क्षेत्राचा हवा तर एनएफडिस्क. एक्स^२−५ दिलं की पहिली २० सांगते, दुसरी ५. मधला ४ कुठे गेला, यावर वर्गात अर्धा तास सहज जातो आणि तो सत्कारणी लागतो.

त्यानंतर मी डेडेकिंडचं १८७८ सालचं उदाहरण टाकते: एक्स^३−एक्स^२−२*एक्स−८. पोलडिस्क म्हणते −२०१२, एनएफडिस्क म्हणते −५०३. भागाकार ४. आता मुलं हुशार झालेली असतात, म्हणतात, "दुसरी बहुपदी घेऊ, ४ जाईल." घ्या की! या क्षेत्राचा कुठलाही पूर्णांक जनक (क्षेत्रातला पूर्णांकासारखा घटक, ज्या एकापासून सगळं क्षेत्र तयार होतं) घ्या, त्याच्या बहुपदीच्या विवेचकातून तो ४ जात नाही. गंमत म्हणजे −५०३ विषम आहे, म्हणजे २ ही मूळ संख्या या क्षेत्रात शाखित होतच नाही (तिचे इथे अवयव पाडले तर एकही अवयव पुन्हा येत नाही). नुसत्या बहुपदीच्या भरवशावर राहिलं असतं तर २ वर उगाच संशय घेतला असता. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतः पाच-सहा बहुपद्या टंकून दर वेळी तो ४ परत आलेला बघणं वेगळं.

मला सगळ्यात प्रिय आज्ञा क्वाडयुनिट. ती मूलभूत एकक काढते, म्हणजे ज्याच्या घातांतून, चिन्ह सोडलं तर, बाकीची सगळी एककं (ज्यांचा व्यस्तही पूर्णांकच असतो अशा संख्या) मिळतात. तिला ६१ हा विवेचक दिला तर उत्तर १७+५*डब्ल्यू; डब्ल्यू म्हणजे १ अधिक √६१, भागिले २. म्हणजेच ३९ अधिक ५√६१, सगळ्याला भागिले २. तेच २४४ दिलं, म्हणजे ६१ ची चौपट, तर २९७१८+३८०५*डब्ल्यू. इथे डब्ल्यू म्हणजे साधं √६१. वर्गमूळ तेच, विवेचक वेगळा, म्हणून मूलभूत एककही वेगळं. या दुसऱ्याचा वर्ग करायला सांगा: १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. एक्स^२−६१*वाय^२=१ या समीकरणासाठी भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने काढलेली हीच ती जोडी! भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती देणारा चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख ठाऊक असलेली मुलं इथे सरसावून बसतात.

आता उणी बाजू. एनएफडिस्कला बहुपदीच्या विवेचकाचे अवयव पाडावे लागतात. तो शंभराहून जास्त अंकी आणि हट्टी निघाला तर पोलडिस्कचं उत्तर डोळ्याचं पातं लवण्याआधी येतं आणि एनएफडिस्क बसून राहते. दोष प्रोग्रॅमचा नव्हे. अवयव न पाडता संख्येतला वर्गभाग काढायची जलद रीत कुणालाच सापडलेली नाही. बहुपदीसोबत मूळ संख्यांची मर्यादा देऊन काम उरकता येतं, पण मग मिळालेलं उत्तर तेवढ्या मूळ संख्यांपुरतंच खात्रीचं. वर्गगट (क्षेत्रात अवयव एकाच रीतीने पडण्याचा नियम किती मोडतो हे मोजणारा गट) काढणारी बीएनएफइनिट तर व्यापक रीमान गृहीतक हे अजून सिद्ध न झालेलं विधान धरून चालते. प्रबंधात आकडा छापायचा असेल तर नंतर उत्तर पडताळणारी बीएनएफसर्टिफाय चालवाच. मदतीच्या पानांत हे लिहिलेलं आहे, पण ती पानं वाचतो कोण?

मदतीची भाषा इंग्रजी आणि तीही गणितज्ञांनी गणितज्ञांसाठी लिहिलेली. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला देऊ नका, मुलं घाबरतील. त्यांना आलेख काढणारी रंगीत ॲप्स पुरेत. एमएस्सी, सेट-नेटची तयारी किंवा नुसतीच संख्यांची खोड असेल तर डोळे झाकून घ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या मदतीच्या पानांचा कापला.