बुलपप पीसीपीला काय घालावं: हलका छर्रा, जड छर्रा की स्लग?

५.५ मिलिमीटरची बुलपप पीसीपी (साठवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल, जिचं यंत्र चापाच्या मागे दस्त्यात असतं) घेऊन झाली, स्कोप बसला, झीरो झाला (नेम आणि मारा जुळला), की पुढचा प्रश्न छर्‍यांच्या डब्याचा. माझ्या मते खरे दावेदार तीनच: १५.८९ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे वजनाचं माप) गोल डोक्याचा छर्रा, त्याच घडणीचा १८.१३ ग्रेनचा छर्रा आणि स्लग, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखा सरळ अंगाचा. टोकदार छर्रे मी धरत नाही. डब्यात हिंदकळून त्यांची टोकं मुरगळतात आणि मग कुठला कुठे जाईल याचा नेम राहत नाही. कथिलाचे बिनशिशाचे छर्रे फारच हलके. आडोशाला ठीक आहेत, उघड्यावर माझ्या नळीतून तरी त्यांनी निराशाच केली.

२५ मीटरवर या तिघांची परीक्षा घेऊ नका, तिथे तिघेही पास होतात. निवड ५० मीटरवर होते, आणि तीही पाच छर्‍यांच्या ग्रुपवरून (एकाच ठिपक्यावर मारलेल्यांच्या भोकांच्या पुंजक्यावरून) नको, कारण पाचांचा देखणा ग्रुप नशिबानेही पडतो. मी अख्खं मॅगझिन एका ठिपक्यावर रिकामं करतो, बाहेरच्या दोन कडांमधलं अंतर मोजून त्यातून ५.५ मिलिमीटर वजा करतो आणि त्या दिवसाचा सगळ्यात वाईट ग्रुप जपून ठेवतो. चांगले ग्रुप मित्रांना दाखवायला असतात. पुढची मतं वाईट ग्रुपांवरून बनलेली आहेत. बुलपपचा चाप लांब दांडीमुळे जरा मठ्ठ लागतो ही तक्रार खरी, पण ती तिघांनाही सारखीच लागू, म्हणून इथे सोडून देतो.

हलक्या छर्‍याची अडचण वेगाची. रायफलची ताकद साधारण ४६ ज्यूल असेल तर १५.८९ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ३०० मीटरच्या घरात जातो, १८.१३ चा २८० च्या. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास, आणि त्याच्या जितकं जवळ जाल तितका हा बारीक कमरेचा छर्रा अस्वस्थ होतो. ग्रुप एकदम फुटत नाही. आठ छर्रे शहाण्यासारखे जातात आणि दोन भलतीकडेच. हॅमर स्प्रिंग (हवेची झडप उघडणाऱ्या हातोडीची स्प्रिंग) सैल करून वेग उतरवता येतो, पण मग जास्त ताकदीची रायफल घेतली कशाला? ज्याची रायफल मुळातच ३० ज्यूलच्या आसपास आहे त्याने मात्र हाच घ्यावा आणि पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये.

स्लगची बाजू मी मुद्दाम नीट मांडतो, कारण शेवटी मी त्याच्या विरुद्ध जाणार आहे. साध्या छर्‍याला कंबर असते, मागे पोकळ घेर असतो. तो घेर हवेला अडतो, छर्‍याचं तोंड सरळ ठेवतो आणि त्याबदल्यात वेग खातो. स्लगला कंबर नाही, घेर नाही. तो सर्वस्वी फिरकीवर स्थिर राहतो, त्यामुळे हवेत कमी अडतो, वेग टिकवतो आणि वाऱ्याने कमी ढळतो. ७५ मीटरच्या पुढे हा फरक डोळ्यांना दिसतो, वाद घालायची गरजच पडत नाही. माझ्याकडचा ५० मीटरवरचा आजवरचा सगळ्यात लहान ग्रुपही स्लगचाच आहे. पण त्याच्या अटी बऱ्याच आहेत. बहुतेक स्लग वीस ग्रेनच्या वरचे, तिशीपर्यंत आणि त्याही पुढे जाणारे, म्हणजे ताकद हवी. नळीच्या पिळाशी (आतल्या फिरत्या आट्यांशी) जुळायला हवं. साध्या छर्‍यासाठी टोकाशी किंचित आवळलेली नळी त्याला बरेचदा मानवत नाही. शिवाय तो व्यासाच्या मापाने मिळतो, ०.२१७ इंच, ०.२१८ इंच असा, आणि आपल्या नळीला कुठलं माप लागतं ते विकत घेऊनच कळतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे.

बुलपपमध्ये छर्रा नळीत शिरतो ती जागा गालाखाली येते. नेहमीच्या ठेवणीच्या रायफलीत ती समोर, डोळ्यांपुढे असते. छर्रा नीट बसला की नाही हे नजरेला दिसतं आणि लिव्हरमधून, म्हणजे छर्रा आत ढकलणाऱ्या दांड्यातून, हाताला कळतं. माझ्या बुलपपची लिव्हर पुढे, चापाच्या वर आहे आणि तिचं काम मागे दांडीमार्फत होतं. तेवढ्या प्रवासात हाताला लागणारा अंदाज निम्मा विरून जातो. छर्‍याच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, त्याचं शिसं मऊ, घेर पातळ, तो मुकाट आत सरकतो. स्लगचं तसं नाही. त्याचं अंग लांबीभर नळीच्या आट्यांना घासतं. एक सहज जातो, पुढचा अडतो, त्याच्या पुढचा इतका अडतो की लिव्हर पूर्ण बंद झाली का अशी शंका येते. मग काय, डोकं उचला, मान वाकडी करून मागे बघा, खात्री करा, पुन्हा गाल टेकवा. प्रत्येक मॅगझिनला दोन-तीनदा हे होतंच.

स्कोपचं पॅरलॅक्स (डोकं हललं की नेमाची खूण सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) ५० मीटरवर नीट लावलं असेल तर डोकं जरा इकडेतिकडे झाल्याने फरक पडू नये, हे मला मान्य आहे. पण बुलपपमध्ये गाल जवळजवळ यंत्रावरच टेकलेला असतो. त्याचा दाब बदलला की रायफल बॅगवर वेगळी बसते, आणि मुख्य म्हणजे ती बाजूला कलते. ५० मीटरपर्यंत छर्रा साधारण २० सेंटिमीटर खाली येतो, त्यामुळे रायफल ३ अंश जरी कलली तरी मारा सेंटिमीटरभर बाजूला जातो. स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावली की हे बरंचसं सावरतं, मीही लावली आहे. तरी माझ्या स्लगच्या वाईट ग्रुपांमधले भरकटलेले मारे बहुतेक अशा डोकं उचलल्यानंतरचेच होते. मोजून सिद्ध केलेलं नाही, पण मारा सुटताक्षणीच मला कळायचं की हा गेला.

१८.१३ चं कौतुक करायला माझ्याकडे फारसं काही नाही आणि हाच त्याचा गुण. गाल टेकवला की मॅगझिन संपेपर्यंत उचलावा लागत नाही. वेग आपसूक २७०-२८० मध्ये बसतो, रेग्युलेटरला (हवेचा दाब ठरवणाऱ्या भागाला) हात लावावा लागत नाही. बुलपपमध्ये तो बरेचदा दस्ता उतरवल्याशिवाय हाती लागतही नाही. वाऱ्यात तो हलक्यापेक्षा थोडाच बरा आहे, स्लगच्या जवळपासही नाही. त्याचा सगळ्यात चांगला ग्रुप स्लगच्या चांगल्या ग्रुपपेक्षा मोठा आहे. पण त्याचा सगळ्यात वाईट ग्रुप स्लगच्या वाईट ग्रुपपेक्षा लहान आहे, आणि मला रोज त्या दुसऱ्या आकड्यासोबत राहायचं आहे.

तुमची रायफल तगडी असेल, नळी स्लगसाठीच घडवलेली असेल, लिव्हर थेट ब्रीचवर (छर्रा नळीत शिरतो त्या जागी) असेल आणि तुम्ही १०० मीटरवरच मारणार असाल तर माझं ऐकू नका, स्लगच घ्या. फक्त आधी दोन मापांचे थोडे थोडे मागवून बघा, एकदम मोठा साठा नको. बाकीच्यांनी १८.१३ चा एक डबा आणावा. नळी नुकतीच साफ केली असेल किंवा आधी दुसरं काही चालवलं असेल तर पहिले दहा-पंधरा छर्रे मातीच्या ढिगात मारून टाका, शिशाचा नवा थर बसू द्या आणि मगच कागद लावा.